राफाएलच्या मॅडोनाची शाल, सोलापूरचा जकार्डवाला आणि तैलरंग

जकार्डवाला

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. तीस वर्षं चादरी आणि टॉवेलांच्या नक्षीचे ग्राफ काढले. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते जकार्डवर (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) चढले की मागावर मोर उठतो. आता ते कॉम्प्युटरवर होतं. आम्हाला चार दिवस लागायचे तिथे पोरं चार तासांत मोकळी होतात. तक्रार नाही, पण हात रिकामे झाले. एलिमेंटरी, इंटरमिजिएट शाळेत झालेल्या, तेव्हापासून ऑइल पेंटिंग शिकायचं मनात होतं. वय ५३. क्लास लावला तर आजूबाजूला सगळी दहा-बारा वर्षांची पोरं आणि समोर सफरचंद. दोन सफरचंदं काढली, परत गेलो नाही.

मग आमचे पेंटरमामा आठवले. नात्याने मामा नव्हेत, अख्खी गल्ली मामा म्हणते. एके काळी थेटरांचे बोर्ड रंगवायचे, वीस-वीस फुटी तोंडं. ते म्हणाले, "एकच चित्र घे. मोठ्या माणसाचं घे. आणि संपेपर्यंत सोडू नको. सफरचंद कसंही काढलं तरी सफरचंदच दिसतं, चूक कळत नाही. तोंड चुकलं की शेजारीपण सांगतो."

कुठलं चित्र यावर दोन आठवडे गेले. मुलीने मोबाईलवर पन्नास तरी दाखवली. शेवटी एका गोल चित्रावर अंगठा थांबला. राफाएल या जुन्या इटालियन चित्रकाराची 'खुर्चीतली मॅडोना' (मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी). मेरी खुर्चीत बसलीय, बाळ येशू कवेत, गालाला गाल, आणि कडेला अंधारात हात जोडलेला लहानगा जॉन (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा). मेरीच्या खांद्यावर हिरवी शाल, तिच्यावर लाल-सोनेरी पट्टे, कडेला झालर. आयुष्यभर पट्टे आणि झालरीच केल्या, म्हटलं एवढं तरी आपल्याला जमेल. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे हेच नडलं.)

मूळ चित्र १५१३-१४च्या सुमाराचं, लाकडी फळीवर, व्यास ७१ सेंटिमीटर. फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात असतं. नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी पॅरिसला नेलं होतं, १८१५मध्ये परत आलं. राफाएल तेव्हा तिशीत होता, आणि ३७व्या वर्षी गेलाही. मी ३७व्या वर्षी टर्किश टॉवेलवर बदकं काढत होतो.

प्रिंट आणून आधी अम्माला दाखवली (घरी आम्ही तेलुगू). चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "बाळंतीण आहे. डोकं बघ कसं घट्ट बांधलंय, कानात वारं जाऊ नये म्हणून." मेरीच्या डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल आहे खरा. मी सांगितलं, अम्मा, ही येशूची आई. तर म्हणाली, "मग? तिला वारं लागत नाही?"

फळी गोल हवी होती. सुताराला १२ मिलिमीटरच्या प्लायची दोन फुटी चकती कापायला सांगितली. तो म्हणाला, "एवढा पोळपाट कुणाला ओ?" राफाएलने हे चित्र दारूच्या पिंपाच्या झाकणावर काढलं अशी दंतकथा आहे म्हणे, तेव्हा पोळपाट हा काही अपमान नाही. फळीला पातळ फेव्हिकॉल, त्यावर खडूची पावडर, पांढरा ॲक्रिलिक आणि फेव्हिकॉल यांचं मिश्रण, पाच हात. प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. फळी पाटासारखी गुळगुळीत झाली तेव्हा रंगवायचं मनच होईना.

रेखाटन चौकटी पाडून केलं, तो तर हातखंडा. तीन तासांत उतरवलं. पेंटरमामांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "बाईचा डोळा कानाकडे पळालाय." खरंच पळाला होता. ग्राफवाला घरं मोजतो, वळण बघत नाही. सगळं पुसलं. मग बटरपेपरवर नीट रेखाटन करून सुईने भोकं पाडली, आणि फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घालून वरून थापटली. भरतकामाचा खाका किंवा रांगोळीचा छापा करतात तसं. नंतर वाचलं की राफाएलही मोठ्या कागदावरच्या रेखाटनाला भोकं पाडून अशीच पूड झाडायचा. हे वाचून दिवसभर उगाच छाती फुगली होती.

त्यावर बर्न्ट अंबर (तपकिरी मातीचा रंग) आणि पांढरा एवढ्यातच सगळं चित्र, म्हणजे मातकट फोटोसारखं. ते चांगलं झालं. खरा घोळ रंग लावताना झाला. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:

तेल. लिन्सीड म्हणजे जवस हे कळल्यावर म्हटलं छोट्या बाटलीला एवढे पैसे कशाला, एका घाण्यावरून अर्धा लिटर आणलं. निम्मं चटणीला, निम्मं मॅडोनाला. आता तीन आठवडे झाले, जॉनचा गाल अजून बोटाला चिकटतो आणि पिवळट दिसायला लागलाय.

तूस. आमच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत. कापसाचं तूस दिवसभर हवेत. रात्री रंगवलं तर सकाळी मेरीच्या हनुवटीवर बारीक लव आलेली असते. भुवयांच्या चिमट्याने काढायला गेलो तर रंगच निघाला.

आणि शाल. ती तीनदा रंगवली, तीनदा खरवडली. पट्टा बरोबर, रंग बरोबर, तरी ती बाईच्या अंगावर बसतच नाही. दुकानात हँगरला लावल्यासारखी दिसते.

---

शेंगाचटणी

फोटो कुठाय? फोटोशिवाय धागा म्हणजे बिनमिठाची भाकरी.

अम्मांना दंडवत. अख्ख्या रेनेसाँवर एवढी नेमकी टिप्पणी वाचली नव्हती.

---

तैलबुद्धी

जकार्डवाले काका, धागा आवडला. आधी तेलाचं बोलतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे, शेवटी येतो त्यावर.

तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वजनाला उलट किंचित वाढतं. म्हणून पंखा लावून फार फरक पडत नाही, हवा आणि उजेड लागतो. घाण्याच्या कच्च्या तेलात चिकट द्रव्यं राहिलेली असतात. चित्रकारांसाठीचं तेल धुऊन, निवळून घेतलेलं असतं. चटणीला तुमचं तेल उत्तम, मॅडोनाला नको. आणि कुणी म्हणेल की सोलापूर करडईचा मुलूख, करडईचं तेल घाला, तर थांबा. पांढऱ्या रंगाच्या ट्यूबमध्ये करडईचं तेल खरोखर वापरतात, ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं, पण वाळायलाही वेळ घेतं. शिवाय खाण्याच्या रिफाइंड तेलात ते खवट होऊ नये म्हणून पुष्कळदा अँटिऑक्सिडंट घालतात. म्हणजे ते वाळू नये याचीच सोय केलेली. गंमत म्हणजे राफाएलच्या चित्रांच्या तपासणीत बऱ्याच ठिकाणी अक्रोडाचं तेल सापडलंय, खास करून फिकट रंगांत.

तुमचं अंबर लगेच वाळलं असणार, कारण त्यात मँगनीज असतं, ते तेलाला घाई करतं. टायटॅनियम पांढरा आणि अलिझरिन (गडद लाल) हे दोघे आळशी.

नियम एकच: खालचा थर रोड, वरचा तेलकट. खाली रंगात टर्पेंटाइन जास्त, वर वर जाताना तेल वाढवायचं. उलट केलंत तर वरचं कातडं आधी आवळतं, खालचं नंतर हलतं, आणि चित्राला भेगा पडतात. त्यामुळे जॉनचा चिकट गाल तसाच ठेवून त्यावर रंगवू नका. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून अंबरपर्यंत या आणि पुन्हा करा.

आता धोका. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्यात घर कापसाच्या शेजारी. फडकी एकेक पसरून बाहेर दोरीवर वाळवा, कडक झाली की टाका. नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात.

---

जकार्डवाला

बाप रे. मी सगळी फडकी एका बादलीत दाबून ठेवत होतो. आत्ता उठून बघितलं, मधलं फडकं हाताला कोमट लागलं. कोमट! गच्चीत नेऊन पसरली. बायको विचारतेय रात्री साडेदहाला काय धुणं काढलंय. मनापासून आभार.

---

उडता_गालिचा

गोड बातमी: आमच्या कॉलेजात अशीच एक बादली पेटली होती. रविवार होता म्हणून कुणाला इजा नाही, पण दोन पडदे गेले.

---

मिपीचा_मारुती

अनुभव छान लिहिलाय, पण प्रामाणिक प्रश्न. हुबेहूब नक्कल करून माणूस नक्कल शिकतो, चित्रकला नाही. त्याच वेळात समोरचं झाड काढलं असतं, घरच्या बाईचा चेहरा काढला असता तर स्वतःचं काहीतरी हाती लागलं असतं. आणि दुसरं, बाळ आणि आईच हवी होती तर आपल्याकडे यशोदा-कृष्ण काय कमी आहेत? ४०० वर्षं टिकलेलं परदेशी देवाचं चित्रच का? (भांडण नको, खरंच विचारतोय.)

---

शेंगाचटणी

५०० वर्षं. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कोपऱ्यातली_खिडकी

मारुतीराव, पहिल्या मुद्द्यावर: चित्रकार रूबेन्स पन्नाशीत, म्हणजे युरोपभर नाव झाल्यावर, १६२८-२९ मध्ये माद्रिदला बसून टिशियन या आधीच्या इटालियन चित्रकाराच्या नकला करत होता. तो काही नवशिका नव्हता. फ्रेंच चित्रकार देगा (Degas) पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नकला करायचा. लूव्रमध्ये आजही परवाना काढून नक्कल करता येते, एक अट अशी की माप मूळ चित्राएवढं नको. जकार्डवाल्यांची दोन फुटी फळी साधारण ६१ सेंटिमीटर, म्हणजे तेही आपोआप झालं. राफाएल स्वतः पेरुजिनो या चित्रकाराच्या हाताखाली असा काही घोटला गेला होता की त्याची सुरुवातीची कामं बघताना दोघांचे हात वेगळे काढणं अवघड जातं. आपल्याकडे गाणं शिकणारा गुरूची तान आधी जशीच्या तशी घेतो, तेव्हा कुणी त्याला नकलाकार म्हणत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त रंगतदार वाटतो. 'परदेशी देव' आपल्याकडच्या चित्रकारांना कधीच परका नव्हता. १५८० मध्ये जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला आले तेव्हा त्यांनी अकबराला छापील चित्रं असलेलं बायबल दिलं, आणि दरबारातल्या चितारांनी त्यावर उड्या मारल्या. अबुल हसन नावाच्या पोराने १६०० मध्ये ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५११ च्या ठशातला सेंट जॉन रेखाटला. त्यावर लिहिलंय की त्याचं तेरावं वर्ष चालू आहे. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. म्हणजे काकांच्या आधी चारशे वर्षं हे झालंय, आणि तेही जॉनचंच, फक्त तो दुसरा जॉन, येशूचा शिष्य.

उलटा प्रवासही आहे. चित्रकार अँजेलो द फोन्सेका, जन्म १९०२चा, मूळचे गोव्याचे. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात बरीच वर्षं राहिले. त्यांची मेरी नऊवारीत-साडीत असते, कपाळ, खांदा, बसण्याची ढब सगळी इथली. त्यांना लोकांनी विचारलं असेल, निळा झगा का नाही म्हणून.

---

मिपीचा_मारुती

फोन्सेकांबद्दल माहीत नव्हतं. बघतो. गाण्याचा दाखला पटला, पण गाणाऱ्याला कधीतरी गुरूची तान सोडावी लागते, एवढं बोलून गप्प बसतो.

---

जकार्डवाला

मारुतीसाहेब, राग नाही. यशोदा-कृष्ण केला असता तर माझं लक्ष शालीकडे गेलंच नसतं, भक्तीनेच डोळे मिटले असते. खरं सांगतो. घरातल्या देवाचं चित्र मी चूक आहे की बरोबर असं बघूच शकत नाही. हे बघू शकतो. अम्माचं म्हणाल तर तिने तो वाद घरी केव्हाच मिटवलाय. जॉनकडे बोट दाखवून तिने विचारलं होतं, "हा बलराम का?" मी हो म्हणून टाकलं.

---

निळावंती

रंगांच्या डब्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी. आपल्याकडे या रंगांना किती देखणी नावं होती आणि आपण 'व्हर्मिलियन, व्हर्मिलियन' करत बसतो. हिंगूळ! पाऱ्याचा लाल, तोच राफाएलच्या काळातला तेजस्वी लाल. पिवडी म्हणजे यलो ऑकर, भिंतीला लावायचे तीच. काव म्हणजे लाल माती. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा, तेव्हाच्या तैलचित्रांतला पांढरा तोच. जंगाल म्हणजे तांब्यावर चढतो तो हिरवा. आणि लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला निळा दगड. इटलीत तो एवढा महाग होता की करारात लिहून घ्यायचे मेरीच्या झग्याला कुठल्या प्रतीचा निळा लावायचा ते.

सफेदा आणि हिंगूळ घरी आणू नका, शिसं आणि पारा दोन्ही विषारी. टायटॅनियम पांढरा आणि आजचे ट्यूबमधले लाल पुरेत. जंगालाचं वेगळं दुखणं: तेलात तो काळाने तपकिरी पडतो, जुन्या चित्रांतली झाडं म्हणून कित्येकदा वाळकी दिसतात. निळ्याची मात्र चैन आहे. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालं आणि तो निळा एकदम स्वस्त झाला. आजी पांढऱ्या धोतराला पुडीतली नीळ लावायची ना, ती पूड म्हणजे तेच कृत्रिम अल्ट्रामरीन. मेरीचा झगा आणि आजोबांचं धोतर एकाच डब्यातलं.

---

शेंगाचटणी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

---

तैलबुद्धी

तुसाचं राहिलं होतं. ओल्या रंगातून काढूच नका. वाळू द्या, मग ब्लेडच्या धारेने आडवं खरवडा, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकदा फिरवा. पाणी थेंबभर, खाली प्लाय आहे. आणि फळी झाकून पेटीत ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं. तुमचा जॉन पिवळा झाला त्यात हेही असणार. उजेड पाहिजे आणि तूस नको, तर फळी भिंतीला टेकवताना वरची कड पुढे झुकवा, तोंड किंचित जमिनीकडे. तूस वरून पडतं, पाठीवर बसेल.

शालीवर मी मुद्दाम बोलत नाही. ते तुम्हालाच सापडेल. एवढंच सांगतो, तुम्ही नक्षी रंगवताय.

---

आडवा_धागा

ओ जकार्डवाले, तुम्ही आमच्यातलेच दिसालाय. मी पण माग चालवतो, अक्कलकोट रोडला. धूपछाव माहीतच असेल. हिरवा ताणा लाल बाणा, सरळ बघितलं तर एक रंग, वळवलं तर दुसरा. तैलरंगात पण तसंच काही करतात म्हणालेत ना? एकावर एक पातळ? आमच्यातल्याला आधी जमायला पाहिजे की हे.

---

कोपऱ्यातली_खिडकी

वा, धूपछाव! याहून चांगलं कुणी सांगितलं नसतं. त्याला ग्लेझ म्हणतात. खालचा थर वाळला की त्यावर पारदर्शक रंग तेल-टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फिरवायचा. उजेड वरच्या थरातून आत जातो, खालच्या पांढुरक्यावर आपटून परत येतो. म्हणून ते लाल आतून पेटल्यासारखं दिसतं. पांढरा मिसळून केलेला लाल कधीच तसा दिसत नाही, तो गुलाबी होतो. मेरीच्या बाहीचा लाल या रीतीने करून बघा. आधी फिकट-गडद पूर्ण करा, वर अलिझरिन. एक थर, आठवडाभर थांबा, दुसरा.

---

जकार्डवाला

दोन महिन्यांनी येतोय, माफ करा. मध्ये गड्ड्याची जत्रा झाली, पाहुणे होते, चित्र माळ्यावर गेलं होतं (वरची कड पुढे झुकवून!).

जॉनचा गाल पुसून परत केला. बाही तीन ग्लेझमध्ये झाली. आडवा धागा, तुम्ही म्हणालात तसं हुबेहूब, दुपारी खिडकीतून ऊन आलं की पेटते आणि ट्यूबलाइटखाली विटकरी होते. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही केलंय?" यात कौतुक किती आणि संशय किती ते कळलं नाही.

आता शाल. तैलबुद्धींचं ते 'तुम्ही नक्षी रंगवताय' आठ दिवस डोक्यात घुमत होतं. शेवटी घरातली हिरवी चादर घेतली, काठाला लाल पट्टे असलेली, आणि बायकोला खिडकीशी खुर्चीत बसवून खांद्यावर टाकली. मुलीची जुनी बाहुली कवेत. वीस मिनिटं बसली बिचारी. मग म्हणाली, "भाकऱ्या कोण थापणार, राफाएल?" पण त्या वीस मिनिटांत मी पट्टा बघितला. आयुष्यात पहिल्यांदा बघितला म्हणा. पट्टा खांद्यावरून उतरतो, घडीत शिरतो आणि तुटतो. पलीकडे निघतो तो दोन बोटं खाली, आणि अर्ध्या रुंदीचा. उजेडात लाल नारिंगीकडे जातो, घडीत शिरताना जांभळट, घडीच्या तळाशी लाल नाहीच, नुसता अंधार. मी मात्र तीनही वेळा पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड काढला होता. ग्राफवर तो तसाच असतो, कापड सपाट पसरलेलं. माझ्या कागदाला कधी खांदाच नव्हता.

चादर उतरवल्यावर परत प्रिंट बघितली तर राफाएलने सगळीकडे तेच केलेलं. तुटका पट्टा, खाली सरकलेला, एका जागी तर नुसती लाल रेघ. आधी मला तो त्याचा गलथानपणा वाटत होता! मी मनातल्या मनात त्याची नक्षी सुधारत होतो, तीस वर्षांच्या अनुभवाने. तोंडावर मारल्यासारखं झालं.

मामांनी फळी आणि प्रिंट दोन्ही उलटी करून दिली, डोकं खाली. "आता शाल म्हणू नको. डोळे किलकिले कर आणि काळा-पांढरा एवढंच टाक." पट्टे, झालर काही नाही, नुसत्या घड्या, अंबरमध्ये. दोन दिवस. वाळल्यावर हिरव्याचा पातळ थर. त्यावर पट्टे, पण आता घडीच मला सांगत होती पट्टा कुठे तोडायचा ते. झालर एका संध्याकाळी झाली. सोनेरी म्हणजे पिवडी, आणि फक्त जिथे उजेड पडतो तिथे फिकट पिवळ्याचे आठ-दहा फटकारे. मी जरीसारखं प्रत्येक टोक काढणार होतो.

शाल आता अंगावर आहे. चेहऱ्याचं काय सांगू, डोळा कानाकडे पळत नाही एवढंच. बाळाचे हात जाडसर झालेत. गोलाकारात सगळं कसं बसवलंय ते नक्कल करतानाच कळलं: कंपास लावला तर बाळाचा कोपर जवळजवळ मध्यावर येतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती वळतं. खुर्चीचा खांब तेवढा एकच सरळ. तो नसता तर चित्र परातीसारखं गरगरलं असतं.

---

शेंगाचटणी

फोटो. फोटो. फोटो.

---

मिपीचा_मारुती

"माझ्या कागदाला कधी खांदाच नव्हता". काका, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. अर्धा.

---

तैलबुद्धी

सापडलं म्हणायचं! वार्निशची घाई करू नका, सहा महिने ते वर्ष. तोवर रंग आतून घट्ट होत असतो. मागच्या बाजूला 'राफाएलवरून', तुमचं नाव आणि साल लिहा. पुढे सही नको. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

आडवा_धागा

लै भारी. आता ते पट्टे ग्राफवर घ्या की. आमच्याकडे दोन जुने जकार्ड आहेत अजून. मॅडोनाची शाल सोलापुरात विणली तर काय बिघडालंय?

---

जकार्डवाला

आडवा धागा, मला हेच सुचलं होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. गेल्या आठवड्यात कागद काढला, हिरव्यावर पट्टे मांडायला घेतले. अडचण अशी की राफाएलने शाल पूर्ण दाखवलेलीच नाही. अर्धी घडीत, अर्धी हाताखाली. नक्षीचा रिपीट कुठे पूर्ण होतो ते चित्रात सापडत नाही, ते मलाच ठरवावं लागणार. दोन कागद केलेत. एकात पट्ट्याची रुंदी पटत नाही, दुसऱ्यात झालर फार दाट येते. दोन्ही चुकीचे वाटतात.

---

आडवा_धागा

दोन्ही पाठवा ओ. हातभर विणून बघू, मग खांद्यावर टाकून ठरवू.